ढब्बूचे दार आणि मनीची खिडकी

प्रश्न : आमच्या घरी दोन मांजरे आहेत. ढब्बू हा चार वर्षांचा, नसबंदी झालेला बोका आहे. लहानपणापासून तो मागच्या दाराने हवे तेव्हा बाहेर जातो आणि हवे तेव्हा परत येतो. मनी ही पाच महिन्यांची असून आमच्याकडे आल्यापासून तिने घराचा उंबरा ओलांडलेला नाही. गेल्या महिन्यात ढब्बू दोन दिवस बेपत्ता होता. परतला तेव्हा तो लंगडत होता, आणि पुढे त्याच्या शेपटीच्या मुळाशी मोठे गळू झाले. ते पशुवैद्यांकडून साफ करून घेतले, पण तेव्हापासून दोघांनाही कायमचे घरात ठेवावे असे मला वाटू लागले आहे. सासूबाई म्हणतात, मांजर हे कोंडून ठेवण्याचे जनावर नव्हे, ते झुरून मरेल. पतींच्या मते ढब्बूला आता सवय बदलता येणार नाही. त्यातच तो आपल्या बागेतली पाखरे मारतो अशी शेजाऱ्यांची तक्रार आली आहे. एक रात्र दार बंद करून पाहिले, तर तो पहाटेपर्यंत ओरडत राहिला. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : निर्णय आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो, म्हणजे वाचताना आपला जीव टांगणीला राहणार नाही. मनीने घरातच राहावे, आणि हे आजच ठरवून टाकावे. ढब्बूलाही आत आणावे, पण एका दिवसात नव्हे. आधी त्याच्या रात्री आत आणाव्यात, मग दिवस. मात्र सासूबाईंचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण ज्या घरात दार तेवढे बंद झाले आणि बाकी काहीच बदलले नाही, त्या घरातले मांजर खरोखरच झुरते. दार बंद करणे हे यातले सर्वांत सोपे काम आहे. दारापलीकडे ढब्बूला जे मिळत होते ते यापुढे घरातल्या माणसांनी पुरवायचे आहे, आणि तेवढी तयारी नसेल तर दाराला हात न लावलेला बरा.

गळवाचा उल्लेख आपण ओझरता केला आहे, पण माझ्या मते आपल्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. मांजराचा सुळा बारीक आणि टोकदार असतो. तो कातडीत घुसतो तेव्हा रक्त फारसे येत नाही, भोक टाचणीच्या डोक्याएवढे पडते आणि लवकरच वरून मिटते. तोंडातले जंतू मात्र आत खोलवर राहतात. दोन-चार दिवसांत तिथे गरम, ताठर गाठ येते, मांजर अन्नाला तोंड लावत नाही, अंगाला हात लावू देत नाही, आणि मग एके सकाळी तिथले केस ओले, चिकट झालेले दिसतात आणि घाण वास येतो, तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात येते. चावा शेपटीच्या मुळाशी असेल तर तो बहुधा पाठ फिरवून पळणाऱ्या मांजराला बसलेला असतो. समोरासमोर भिडणाऱ्याच्या जखमा तोंडावर आणि पुढच्या पायांवर असतात. थोडक्यात, ढब्बू ती मारामारी हरला आहे आणि त्याच्या वाटेवर त्याच्याहून दांडगा कोणीतरी वावरतो आहे. नसबंदीमुळे भटकण्याची आणि भांडण्याची खोड पुष्कळ कमी होते हे खरे, परंतु समोरच्या बोक्याची नसबंदी झालेली नसेल तर ढब्बूच्या शहाणपणाचा ढब्बूला उपयोग नाही.

गळू बरे होते. त्याच चाव्यातून येणारे एफआयव्ही नावाचे विषाणू मात्र एकदा अंगात शिरले की जन्मभर राहतात. ते मांजराची प्रतिकारशक्ती हळूहळू पोखरतात. माणसाला त्यांची लागण होत नाही, आणि लागण झालेली कित्येक मांजरे वर्षानुवर्षे धडधाकट दिसतात, म्हणूनच ती नकळत इतरांना लागण देत फिरतात. एफईएलव्ही (मांजरांचा ल्युकेमिया विषाणू) हा दुसरा विषाणू लाळेतून पसरतो, त्यामुळे त्याला भांडणाचीही गरज नसते, एकमेकांना चाटणे किंवा एका भांड्यात खाणे पुरते. त्याशिवाय वाहने आहेत, मोकाट कुत्री आहेत, रेबीज आहे, पिसवा, गोचीड आणि जंत आहेत. उंदरांसाठी ठेवलेल्या विषाचा धोका लोकांच्या ध्यानात सहसा येत नाही. रक्त गोठू न देणारी ही विषे उंदराला लगेच मारत नाहीत, काही दिवस सुस्त करतात, आणि सुस्तावलेला उंदीर हे मांजराला सर्वांत सोपे सावज असते. घराबाहेर फिरणारी मांजरे अमुक इतकीच वर्षे जगतात असे आकडे सर्रास फेकले जातात. बेवारस मांजरे आणि रोज घरी जेवायला येणारी मांजरे यांच्यात त्यांनी भेद केलेला नसतो, म्हणून मी ते आपल्यापुढे ठेवत नाही. त्यांच्यावाचूनही बाजू पुरेशी भक्कम आहे.

आता शेजाऱ्यांच्या पाखरांकडे येऊ. ही तक्रार क्षुल्लक समजू नये. अमेरिकेतील मोकळी फिरणारी मांजरे वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी मारतात असा अंदाज 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. त्यातला मोठा वाटा मालक नसलेल्या मांजरांचा होता, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते सांगायला हवे. परंतु पाळीव मांजर निर्दोष ठरते असे नाही. साधारण त्याच सुमारास अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातील अथेन्स शहरात 55 पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून पाहणी झाली, तेव्हा मारलेल्या सावजांपैकी जेमतेम चौथा हिस्साच ती घरी आणतात असे दिसले. म्हणजे ढब्बूने पायपुसण्यावर आणून ठेवलेले एक पाखरू मोजताना आपण तीन न मोजलेली सोडून देत असतो. सहा देशांतील नऊशेहून अधिक मांजरांच्या फिरण्याचा माग काढणारा अभ्यास 2020 मध्ये आला. त्यात असे आढळले की बहुतेक मांजरे घरापासून शंभर मीटरच्या आतच घुटमळतात, आणि नेमके त्यामुळेच तेवढ्या टापूतल्या लहान जीवांवर त्यांचा भार रानातल्या शिकारी प्राण्याच्या चार ते दहा पट पडतो. आपल्या शेजाऱ्यांची बाग या शंभर मीटरांत येते. पोटभर जेवलेले मांजर शिकार करणार नाही ही समजूतही खरी नाही. भूक आणि शिकारीची ओढ या मांजराच्या अंगात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा प्रश्न जगभर एकाच रीतीने सुटलेला नाही, हे आपल्या घरातल्या वादाला थोडा दिलासा देईल. अमेरिकेतले पशुवैद्य सामान्यतः मांजर घरातच ठेवावे असे सांगतात, तर ब्रिटनमध्ये मांजराला बाहेर जाता यावे हेच बहुतेकांना स्वाभाविक वाटते. यामागे मायेत फरक नाही, परिस्थितीत आहे. अमेरिकेच्या मोठ्या भागात कोयोटी नावाचा कोल्ह्याच्या जातीचा प्राणी मांजरे उचलतो आणि रेबीजही आहे. ब्रिटनमध्ये यांपैकी काही नाही. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथे 1 जुलै 2022 नंतर जन्मलेल्या मांजरांना मालकाच्या आवारातच ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्याच वर्षी जर्मनीतील वाल्डॉर्फ या गावाने तुरेवाल्या चंडोल पक्ष्याच्या विणीच्या काळात मांजरे घरात ठेवण्याचा हुकूम काढला. तेव्हा मांजराने कुठे राहावे हा प्रश्न केवळ मांजराच्या स्वभावाचा नसून दारापलीकडे काय आहे याचाही असतो, आणि आपल्या दारापलीकडे काय आहे ते ढब्बूच्या शेपटीने दाखवून दिले आहे.

सासूबाईंची बाजू आता नीट मांडतो. मांजर माणसाजवळ आले त्याला सुमारे दहा हजार वर्षे झाली. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, ती कबर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची आहे. पण कुत्र्याला माणसाने जसे पिढ्यानपिढ्या निवडून घडवले, तसे मांजराला फार थोडे घडवले. कोठारातल्या उंदरांमागे ते आपणहून आले आणि अंगातला शिकारी जवळजवळ जसाच्या तसा घेऊन राहिले. रानावर जगणारे मांजर दिवसभरात आठ-दहा छोटी सावजे मारून खाते आणि प्रत्येक यशस्वी झेपेमागे कितीतरी झेपा फुकट जातात. अशा जनावरासमोर सकाळ-संध्याकाळ भरलेली वाटी ठेवून बाकीचे बावीस तास काहीच दिले नाही, तर ते लठ्ठ होते, लठ्ठपणातून मधुमेहाकडे जाते, सोफे ओरबाडते, नाही तर कोपऱ्यात पडून राहते, आणि हा जो शेवटचा प्रकार आहे त्याला आपण भाबडेपणाने ‘गुणी मांजर’ म्हणतो. ताणामुळे मूत्राशयाला सूज येण्याचा विकारही घरात कोंडलेल्या, स्थूल मांजरांत अधिक दिसतो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो तुंबू शकतो. ढब्बू लिटर बॉक्समध्ये, म्हणजे शौचासाठी ठेवलेल्या पेटीत, वारंवार बसतो आहे, कुंथतो आहे आणि लघवी होत नाही असे दिसले तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. सासूबाई ज्याला झुरणे म्हणतात, त्याला अशी वैद्यकीय नावे आहेत. एका गोष्टीची मात्र काळजी नको. उन्हाअभावी मांजराला ड जीवनसत्त्व कमी पडेल असे पुष्कळांना वाटते, पण मांजराची कातडी उन्हापासून ते फारसे बनवूच शकत नाही, ते त्याला आहारातूनच मिळते. ऊन त्याला हवे असते ते उबेसाठी, आणि ते खिडकीच्या आतूनही घेता येते.

मग घरात द्यायचे काय? मोठे घर लागत नाही, उंच घर लागते, असे मी नेहमी सांगतो. मांजर जमिनीचे क्षेत्रफळ मोजत नाही. कपाटाचा माथा, भिंतीवरची मजबूत फळी, खिडकीचा रुंद कठडा अशी एकावरून दुसरीवर जाण्याची वाट असली की दोन खोल्यांतही त्याची हद्द तयार होते. नख्या घासायचा खांब मांजर पूर्ण ताणून उभे राहील इतका उंच आणि त्याच्या झटक्याने न हलणारा असावा. डगमगणारा खांब मांजर एकदाच वापरून पाहते आणि पुन्हा सोफ्याकडे वळते, मग आपण सोफ्याला दोष देतो की मांजराला, हा ज्याचा त्याचा प्रश्न. लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, म्हणजे आपल्याकडे तीन, आणि तेही एका रांगेत नव्हे तर वेगवेगळ्या जागी ठेवावेत. रोज साफ करावेत. दोन मांजरांनी एकमेकांची वाट न अडवता खाता, पिता, लपता आले पाहिजे, कारण ढब्बूला आतापर्यंत मनीपासून सुटका म्हणून अख्खे बाहेरचे जग होते ते यापुढे नसेल.

सर्वांत महत्त्वाचा आहे खेळ, आणि लोक चुकतात तेही इथेच. चेंडू टाकून निघून जाणे म्हणजे खेळवणे नव्हे. काठीला दोरी आणि दोरीला पिसांचा झुबका बांधावा आणि तो सावजासारखा हलवावा : पलंगाखालून अर्धा बाहेर, थांबला, पुन्हा दडला, मग मांजरापासून दूर पळाला. खरे सावज मांजराच्या तोंडावर येऊन नाचत नाही. ढब्बू आधी नुसता रोखून पाहील, मग पोट जमिनीला टेकवेल, मागचे पाय जागच्या जागी हलवून नेम धरेल आणि झेपेल. चार-पाच झेपांनंतर त्याला ते पकडू द्यावे, पुढच्या पायांनी धरून मागच्या पायांनी लाथा झाडू द्याव्यात, आणि लगेच जेवण द्यावे. माग, झेप, पकड आणि पोटात घास हे चक्र पूर्ण झाले की मांजर अंग चाटते आणि झोपते. लेझरच्या ठिपक्याचा खेळ मला याच कारणाने आवडत नाही, त्यात पकडण्यासारखे शेवटी काही हातीच लागत नाही. असे दहा-दहा मिनिटांचे दोन डाव रोज ठेवावेत, आणि माझे ऐकाल तर हे काम सासूबाईंकडे सोपवावे. मांजर झुरते आहे की नाही यावर त्यांच्याइतकी करडी नजर दुसऱ्या कोणाची असणार नाही, आणि ढब्बू झेपावताना त्यांनी एकदा पाहिला की घरातला वाद निम्मा मिटेल.

खिडक्यांविषयी मात्र कठोर व्हावे. पाखरू दिसले की खिडकीतल्या मांजराचा जबडा थरथरू लागतो, दातांवर दात आपटून कटकट असा बारीक आवाज येतो. त्या क्षणी त्याच्या लेखी मजला, उंची, कठडा यांपैकी काहीही अस्तित्वात नसते. मांजर कितीही उंचावरून पडले तरी पायांवर उतरते आणि जगते, या समजुतीला न्यूयॉर्कमधल्या 1987 च्या एका अभ्यासाने खतपाणी घातले. इमारतींवरून पडून दवाखान्यात आलेल्या 132 मांजरांपैकी सुमारे 90 टक्के वाचली, असे त्यात नोंदले आहे. पण जी जागीच मेली त्यांना दवाखान्यात कोण आणणार? आणि वाचलेल्यांतही छातीला मार, फुटलेला जबडा, मोडलेले पाय हे होतेच. तेव्हा प्रत्येक उघडणाऱ्या खिडकीला आणि बाल्कनीला पक्की जाळी बसवूनच मग मनीला तिथे बसू द्यावे. डासांसाठी लावलेली पातळ जाळी मांजराचे वजन पेलत नाही. घरात लिली जातीची फुले आणू नयेत, त्यांचा परागकणही मूत्रपिंडे निकामी करू शकतो. माणसांसाठीचे पॅरासिटामॉल आणि कुत्र्यांसाठीची पर्मेथ्रिनयुक्त पिसवांची औषधे मांजराला विषासमान आहेत. आणि घरात राहते म्हणून लस नको असेही समजू नये, कारण पॅनल्यूकोपीनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू महिनोन् महिने टिकतो आणि आपल्या चपलांवरून घरात येऊ शकतो.

ढब्बूचे वळण बदलायला काही आठवडे तरी धरून चालावे. आधी त्याचे बाहेरचे जेवण, असल्यास, बंद करून संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरातच जेवू घालावे, आणि जेवण झाले की दार लावावे. मारामाऱ्या आणि अपघात यांना अंधार अधिक मानवतो, म्हणून सुरुवात रात्रीपासून. निजण्यापूर्वी खेळ, मग जेवणाचा शेवटचा भाग. तो ओरडेल, आणि पहिल्या काही रात्री अधिकच ओरडेल, कारण आजवर ओरडले की दार उघडते हे आपणच त्याला शिकवले आहे. सहाव्या रात्री कोणी वैतागून दार उघडले तर तो एवढेच शिकेल की पाच रात्री पुरेशा नसतात. घरातल्या सर्वांनी आधी एकमताने ठरवावे आणि मगच सुरुवात करावी. ओरडण्याला रागावणे नको, लाड नको, दार नको. रात्री अंगवळणी पडल्या की दिवसाचे तास एकेक करून कमी करावेत. जागा असेल तर वरूनही जाळी असलेला पिंजऱ्यासारखा बंदिस्त सज्जा करून देणे हा माझ्या मते सर्वांत समाधानकारक मार्ग आहे. हार्नेस, म्हणजे अंगाभोवती बसणारा पट्टा, घालून फिरवणे मनीला लहान वयात शिकवता येईल. चार वर्षांचा ढब्बू त्यात बहुधा जमिनीवर आडवा पडून राहील.

आपल्या पतींची शंका मात्र सर्वस्वी चुकीची नाही. काही थोडी मांजरे, सर्व करूनही, आत रमत नाहीत. अंगावरचे केस चाटून काढतात, जागोजागी मुततात, खाणे सोडतात. दोन-तीन महिने प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही ढब्बू असा वागू लागला आणि पशुवैद्यांनी दुसरा आजार नाही असे सांगितले, तर दिवसाचे ठरावीक दोन-तीन तास त्याला बाहेर सोडण्यात मी आपल्याला दोष देणार नाही, मात्र पहाट आणि तिन्हीसांज टाळावी, कारण शिकारीची वेळ तीच. तेव्हा ओळख पटवणारी, कातडीखाली बसवायची मायक्रोचिप, नियमित लसी आणि अडकल्यास आपोआप सुटणारा गळपट्टा या गोष्टी हव्यातच. शेजाऱ्यांच्या पाखरांसाठीही काही करता येते. एक्सेटर विद्यापीठाच्या 2021 मधील अभ्यासात, मांसप्रधान आणि धान्यविरहित आहार दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली सावजे 36 टक्क्यांनी घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटे खेळवल्यावर 25 टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटीचा मात्र त्यात ठळक परिणाम दिसला नाही. आपण हा प्रयत्न सुरू केला आहे एवढे शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगावे.

दोन कामे राहिली. मनी पाच महिन्यांची आहे, म्हणजे माजावर येण्याच्या वयाची. तिची नसबंदी आताच करून घ्यावी, नाही तर घरात राहणारी ही शहाणी मनीच पहिल्यांदा दारातून निसटेल. आणि ढब्बूची एफआयव्ही व एफईएलव्ही यांची रक्ततपासणी करावी. एफआयव्हीची लागण तपासणीत दिसायला सुमारे साठ दिवस जावे लागतात, म्हणून आज केलेली तपासणी नकारात्मक आली तरी ती अंतिम मानू नये. चावा बसल्यापासून दोन महिने पुरे झाले की पुन्हा करावी. तोपर्यंत दोघांच्या खाण्यापिण्याची भांडी वेगळी ठेवावीत, आणि मनी त्याच्या शेपटीशी खेळायला गेली तर तिला हळूच उचलून दुसऱ्या खोलीत न्यावे, कारण तिथली जखम अजून त्याला दुखत असेल.